रूथची काळी तीन

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, चर्चमधल्या भक्तीत, भर दुपारी, अख्खी मंडळी डोळे मिटून प्रार्थनेला बसलेली असताना मी रूथ साळवेच्या गाण्याची पट्टी तिला न विचारता एका सुराने चढवली. तिने काळी तीन सांगितली होती. मी काळी चार दिली. पेटीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाणाऱ्याने आपला सा कुठे धरायचा ते पट्टी ठरवते. ती गुपचूप चढवणं म्हणजे सपाट रस्त्याने निघालेल्या माणसाच्या पायाखाली न सांगता जिना लावून ठेवणं. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक मूर्खपणांप्रमाणे हाही मी स्वयंस्फूर्तीने केला.

यंदा पुन्हा लालबागेत मिरची आली आहे. होळीची राख रस्त्यावरून पुरती झाडली जात नाही तोच आमच्या गल्लीत पोती उतरू लागतात. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, नुसत्या रंगापुरती काश्मिरी. गच्चीगच्चीवर लाल चादरी पसरतात आणि मसाला कुटायचे डंक सकाळपासून धाड धाड सुरू होतात. हवेत अशी खाट भरते की आमच्या चाळीत महिनाभर माणसं चेहऱ्याने नाही, शिंकेवरून ओळखली जातात. दहावीची पोरं गॅलरीत नाकाला रुमाल बांधून भूमिती करतात. मला मात्र हा वास आला की एकाच वर्षाचा उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे नाकातून आत शिरतो आणि घशाशी बसतो.

कारण ह्याच दिवसांत रूथच्या मंडळीचा उपवासकाळ येतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्या वर्षी तिच्या घशाला गाठी झाल्या होत्या, डॉक्टरांनी धूळ, धूर आणि तिखट वर्ज्य सांगितलं होतं, आणि मी तिला तालमीसाठी कुठे बोलावलं, तर आमच्या घरी. मिरची गल्लीत. त्याचं कारण एवढंच की पेटी जड आहे आणि मी आळशी आहे. ती जिना चढून आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला वाटलं, काय भावुक बाई आहे, दारातूनच गाण्यात शिरली. माझ्या बायकोने, सुमनने, तिला आत घेऊन खिडक्या लावल्या, गरम पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "तुमची पेटी नि तुमचो मेंदू, दोनय वाऱ्यार चलतत."

रूथ घोडपदेवची. परळच्या एका इस्पितळात स्टाफ नर्स. वडील सत्यवान साळवे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि पाळी संपली की ख्रिस्ती कीर्तनं करायचे. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, आख्यान येशूचं आणि चाल आपल्या मातीतली. गिरणी बंद पडली, कीर्तनं चालू राहिली. ते गेल्यावर मागे राहिली ही मुलगी आणि चिपळ्यांचा एक जोड. पुढे ती गावोगावच्या मेळाव्यांत गाऊ लागली, तेव्हा लोकांनी फ्लेक्सवर तिच्या नावापुढे 'गॉस्पेल सिंगर' असं छापायला सुरुवात केली. पहिला फ्लेक्स बघून ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. म्हणाली, अण्णांना लोक 'गाणारा सत्यवान' म्हणायचे आणि त्यांचं तेवढ्यावर भागलं.

मी तिच्याकडे पोचलो तोही अपघातानेच. मी मूळचा डबलबारीतला. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात आणि एकमेकांना गाऊन हरवतात, तो आमच्या कोकणी माणसांचा खेळ. मला बुवा व्हायचं होतं. आवाज असा होता की प्रतिस्पर्धी बुवा मला ऐकूनच माझ्या बाजूने प्रार्थना करायचे. मग मी पेटीवर बसलो. रूथचे जुने पेटीवाले काका आजारी पडले, मंडळीतल्या तरुणांना कीबोर्डवर कॉर्ड येत होते पण भजनाची चाल येत नव्हती, तेव्हा कोणीतरी माझं नाव सुचवलं. त्या कोणीतरीचा शोध मी अजून घेतोय.

पहिल्या रविवारी मी चर्चच्या दारात चपला काढून आत गेलो. अनवाणी मी एकटाच. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी टकामका बघत बसलो, कारण डबलबारीत डोळे मिटले की समोरचा बुवा तुमचा ताल पळवतो. ही खोड पुढे पंधरा वर्षांत गेली नाही. पण कहर शेवटी झाला. गाणं संपता संपता रूथने अशी काही जागा घेतली की माझं भान सुटलं आणि सवयीने तोंडातून खणखणीत निघालं, "पुंडलिक—" बाकीचं मी गिळलं. पाळकसाहेब वयस्कर होते, शांत होते. ते म्हणाले, "पुढचं मनात म्हणा." रूथ व्यासपीठावर पदराआड तोंड लपवून गदगदा हलत होती. त्या दिवसापासून तिने मला 'बुवा' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती ते मी कधी विचारलं नाही.

मग वर्षंच्या वर्षं आम्ही हिंडलो. नगरकडची, जालन्याकडची मेळाव्याची मैदानं. शामियान्याच्या कापडातून गाळून आलेलं पिवळं ऊन, सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या, पोरं मांडीवर घेतलेल्या बायका. रूथ रात्रपाळी करून तशीच एसटीत बसायची, खिडकीला डोकं टेकून झोपायची, आणि मैदानावर उतरून तोंडावर पाणी मारलं की उभी. गाताना ती हात वर करत नसे, टिपं गाळत नसे. इंजेक्शन देताना उभी राहते तशी सरळ उभी राहायची. सूर तेवढा जायचा. म्हाताऱ्या रडायच्या आणि ती त्यांच्याकडे अशी बघायची की, रडून घ्या, मी आहे इथे.

नंतरनंतर मैदानं बदलली. तरुण पोरांना गिटार हवी होती, हिंदी गाणी हवी होती, मोठ्या पडद्यावर शब्द हवे होते. पेनड्राइव्हवर तयार संगीत घेऊन येणारे गायक आले, त्यांना पेटीवाला लागत नाही. रूथला शेवटून दुसरं गाणं मिळू लागलं, मग जेवणाच्या सुट्टीआधीचं. ती म्हणायची, "चालतंय बुवा, भुकेल्या माणसाचं लक्ष चांगलं असतं." मी हसायचो. परतीच्या एसटीत मात्र ती आधीसारखी झोपायची नाही, बाहेर बघत बसायची.

एक गाणं मात्र तिच्यापासून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन भक्ती असते. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकानंतर एक गीत. चौथा उद्गार सोडून दिल्याचा. देवानेसुद्धा पाठ फिरवली असं वाटणाऱ्या माणसाचा. त्या उद्गारानंतर सत्यवान साळवे स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायचे आणि त्यांच्यामागे रूथ. नियम असा की ते वर्षातून एकदाच म्हणायचं. तालमीत चाल फक्त गुणगुणायची, शब्द गिळायचे. रेकॉर्ड करायचं नाही, मेळाव्यात म्हणायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. अण्णांचं म्हणणं होतं की हे गाणं रोज म्हटलं तर त्यातलं दुःख खोटं होईल. त्यातली एक ओळ, 'सावलीसुद्धा निघून गेली', वर चढत जायची आणि टोकाला पोचून तिथेच लटकायची, खाली यायची नाही. मी हिंदू माणूस, गणपतीपुढे नाचणारा. पण दरवर्षी त्या ओळीला माझा भाता चालवणारा हात थांबायचा. भर बाराच्या उन्हात उभं राहावं आणि पायाशी बघावं तर आपली सावली नसावी, तसं व्हायचं.

आणि मग गाठी. आधी आवाज सकाळी बसायचा, मग दुपारी, मग कायम. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी, लगेच शस्त्रक्रिया, तोवर मौन. रूथने त्यांना ईस्टरनंतरची तारीख मागितली. एक गाणं म्हणते आणि मग तुमच्या स्वाधीन, असं सांगितलं. डॉक्टर चिडले. ती स्वतः नर्स, तिला सगळं कळत होतं. आमच्या बंद खिडक्यांच्या खोलीत, डंकांच्या आवाजात, ती चाल ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची. काळी चार तिची जन्माची पट्टी, अण्णांनी बसवलेली. ती सोडून एक सूर खाली उतरलो तेव्हा कुठे ती टोकाची जागा सावकाश, भिंतीला धरून, पार होत होती. तिने माझ्याकडे बोट रोखून सांगितलं होतं, "काळी तीन. वर गेलास तर माझं काही उरणार नाही. कळलं?" कळलं, म्हणालो. मला नेहमी कळतं. पंचाईत त्याच्यानंतर होते.

आता का चढवली, ते सांगतो, आणि कारण जितकं क्षुद्र आहे तितकंच सांगतो. आदल्या दिवशी आमच्या भजनी मंडळातल्या एकाने आमच्या दारात उभं राहून तालमीतलं तिचं गुणगुणणं ऐकलं आणि म्हणाला, बाईंचा आवाज बसला वाटतं, पट्टी उतरली. डबलबारीत ह्याच्याहून मोठी शिवी नाही. पट्टी उतरली की माणूस उतरला, हे आम्हाला पेटीआधी शिकवलेलं असतं. त्यातून त्या वर्षी चर्चमध्ये पहिल्यांदाच कॅमेरा लावला होता. आजारी, म्हातारी माणसं घरी बसून त्याच वेळी बघतील म्हणून, साठवून ठेवायला नव्हे. आणि मी गाढवाने सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं की शुक्रवारी दुपारी मला फोनवर बघा. तिसऱ्या उद्गारानंतर तरुणांचं गीत झालं, कीबोर्डवर, उंच, झगझगीत. त्याच्यामागून आमची काळी तीन म्हणजे लग्नाच्या बँडमागून चालणारी घोडागाडी, असं मला वाटलं. सकाळी तिचा आवाज बरा लागला होता. एका सुराने काय होतंय.

माझी पेटी स्केल चेंजर आहे. खटका सैल करायचा आणि सगळ्या पट्ट्या एकदम उजवीकडे सरकवायच्या. बोटं तीच राहतात, सूर चढतो. चौथ्या वक्त्याने प्रार्थनेला सुरुवात केली, सगळ्यांनी डोळे मिटले, एकट्या माझे उघडे. दोन घरं सरकवली, म्हणजे एक सूर. पंख्यांच्या घरघरीत खटक्याचा आवाजही आला नाही.

रूथ उठली. पांढरी साडी, मोकळे हात. क्रुसावर काळं कापड. मी सा दिला. तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग तिने तो घेतला.

पहिल्या दोन ओळी अशा लागल्या की मला वाटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं? दहा वर्षांपूर्वीची रूथ. मी मान हलवली, स्वतःलाच दाद दिली. मग ती ओळ आली. ती चढली, टोकाला पोचली, आणि तिथे आवाज नव्हता. चिरकला नाही, बेसूर झाला नाही. नव्हताच. तोंड उघडं, मान ताठ, आणि त्यातून नुसती हवा. माझी पेटी वाजत राहिली. किती वेळ ते मला माहीत नाही, मला थांबायचंसुद्धा सुचलं नाही. तिने हाताने मला थांबायची खूण केली आणि उरलेलं गाणं बोलून दाखवलं. घोगऱ्या, तुटक्या आवाजात, पेशंटला निरोप सांगावा तसं. मागच्या बाकांवरून हुंदके ऐकू येऊ लागले. मग पुढच्या. सगळं चर्च रडलं.

उत्तम शुक्रवारी टाळ्या नसतात, भक्ती संपल्यावर कोणी कोणाशी बोलत नाही, मुकाट्याने बाहेर पडतात. त्या रीतीचे मी आजन्म उपकार मानेन. मला कोणी काही विचारलं नाही.

पुढचं हसण्यासारखं आहे, हसवत असेल तर. त्या दुपारचा तेवढाच तुकडा कोणीतरी फोनवर टिपून पाठवला आणि तो पसरत गेला. नगर, जालना, पार गोव्यापर्यंत. तीस वर्षं रूथ सुरात गायली तेव्हा जे झालं नाही ते ती गप्प झाल्यावर झालं. खाली लोकांनी लिहिलं, काय भाव आहे, काय आत्मा आहे, ह्याला म्हणतात समर्पण. मोठमोठ्या मेळाव्यांची बोलावणी आली, जेवणाच्या आधीची नव्हेत, मुख्य. त्या वेळी ती शस्त्रक्रिया होऊन पाटीवर लिहून बोलत होती. चाळीत लोक मला म्हणाले, काय साथ केलीस, ती गप्प झाली तरी तू सूर सोडला नाहीस. मी 'अहो कसलं काय' असं म्हणालो. खरं तेच होतं, पण त्यांना तो विनय वाटला.

गाठी गेल्या. बोलण्यापुरता आवाज परत आला, वाळूवरून झाडू फिरवावा तसा. गाण्यापुरता आला नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. आम्ही दोन वर्षं बघितलं. रूथ आता रविवारी तिसऱ्या बाकावर बसते. सगळे गातात तेव्हा पुस्तक उघडं धरते, ओठसुद्धा हलवत नाही. चौथ्या उद्गारानंतर आता तरुणांचं गीत असतं. मी मधे एकदा तिला म्हणालो की अण्णांचं गाणं कोणाला तरी शिकव. ती म्हणाली, शिकवायला गाऊन दाखवावं लागतं. मग मी शहाण्याने सुचवलं की चाल मी पेटीवर वाजवून दाखवतो. तिने मला तिथेच वाजवायला लावली. मी वाजवली. ती ऐकून घेऊन म्हणाली की सुरांच्या मधे जे आहे तेच गाणं आहे, आणि तुझ्या पेटीत मधे काही नसतं. ते खरं आहे. पेटीत एक सूर संपतो आणि दुसरा सुरू होतो. मधली वाट नाही. तेव्हा ते गाणं आता जगात एकाच ठिकाणी आहे, त्या तुकड्यात, आणि त्यातही टोकाच्या जागी हवाच आहे.

पट्टीचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुमनलासुद्धा नाही. यंदा मिरची आली, खाट घशात शिरली आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. गेल्या रविवारी दुपारी लालबागेतून काळाचौकीवरून चालत घोडपदेवला गेलो. वाटेत भाषण तयार केलं. चांगलं झालं होतं, त्यात पश्चात्ताप होता, दोन-तीन वळणं होती, शेवटी क्षमायाचना.

रूथ शुक्रवारची पांढरी साडी इस्त्री करत होती. बस म्हणाली. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. खटका, दोन घरं, मिटलेले डोळे, मंडळातला तो माणूस, फोनवर बघणारी चाळ. तिने मधे एकदाही हात थांबवला नाही. निऱ्यांच्या बाजूची घडी सरळ केली, पाणी शिंपडलं, वाफेचा चर्र आवाज झाला.

"झालं?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मला तेव्हाच कळलं होतं. पहिल्या सा-ला. एवढी वर्षं गातेय, मला माझा सा कळणार नाही?"

मग थांबली का नाहीस, मी विचारलं. खूण केली असतीस तर उतरवला असता.

तिने इस्त्री उभी केली. खिडकीतून समोरच्या चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिली.

"बरं वाटलं रे," ती म्हणाली. "किती महिन्यांनी माझ्या आवाजात गात होते. पुढे काय होणार ते दिसत होतं मला. पण दोन ओळी मिळत होत्या. त्या सोडवल्या नाहीत."

वाळूवरून झाडू. मी आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलायला आलो होतो आणि तेही आता माझं राहिलं नव्हतं. तरी मी चाचरत म्हणालो की नाही रूथ, तू काही म्हण, तुझा आवाज माझ्यामुळेच गेला, हे मी लोकांना सांगणार, मंडळीसमोर उभा राहून सांगणार.

रूथने साडीची शेवटची घडी घातली, वरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असं कुठे बोलू नकोस, बुवा. एवढा मोठा पेटीवाला तू कधीच नव्हतास."